जयवंतीबाई पाय आखडून घेतात

१२ जून, गुरुवार

आज एक नवाच उद्योग मागे लावून घेतला. हे म्हणाले, "निघाल्या लष्कराच्या भाकऱ्या भाजायला!" हे म्हणजे त्र्यंबकराव. रिटायर झाल्यापासून दिवसभर घरात बसून माझ्यावर शेरे मारणं हीच यांची नोकरी.

झालं असं की सकाळी भाजीवाल्याशी माझ्या मोडक्या कन्नडात हुज्जत चालली होती आणि रागाच्या भरात तोंडातून अस्सल सांगलीचं "मेल्या" निघालं. मागे एक सिस्टर उभ्या होत्या. सिस्टर फिलोमिना. आमच्या बन्नीमंटपच्या मागच्या गल्लीत त्यांचा वृद्धाश्रम आहे. त्यांनी विचारलं, तुम्ही मराठी का? आमच्याकडे एक मराठी अज्जी आहेत. नव्वदी कधीच ओलांडली, डोळे गेले, त्यांचं बायबल मराठीत आहे आणि ते वाचून दाखवणारं कोणी नाही. आठवड्यातून एकदा याल?

आता आकाशवाणी सांगलीवर मी नैमित्तिक निवेदिका होते, हे काय कपाळावर लिहिलंय माझ्या? पण वाचायचं म्हटल्यावर माझ्याच्याने नाही म्हणवत नाही. दुपारीच गेले.

जयवंतीबाई. नगरकडच्या. नवऱ्याला इथल्या मिशनच्या होस्टेलात काम मिळालं म्हणून लग्नानंतर म्हैसूरला आल्या आणि पुढे तिथेच मेट्रन झाल्या. अंगाने मूठभर. खाट भिंतीला लावलेली. मी आत पाऊल टाकलं तर म्हणाल्या, "कोण आलंय गं तुझ्याबरोबर?" मी एकटीच होते. तसं सांगितलं, तर "बरं" म्हणाल्या, पण विश्वास बसला नसावा.

निघताना सवयीने वाकून नमस्कार केला. वयाने एवढं मोठं माणूस, जात धर्म काय बघायचा! तर बाईंनी पाय आखडून पोटाशी घेतले. "औक्षवंत हो" नाही, "सुखी राहा" नाही. मी वाकलेली ती वाकलेलीच. मग आपली उठून चपला घातल्या आणि आले. त्यांच्यात नमस्कार चालत नसेल. चालत नसेल तर नसेल, तोंडाने दोन शब्द बोलायला काय होतं?

१९ जून, गुरुवार

"बातम्या वाचतेस का गं?" असं म्हणाल्या मला! आकाशवाणीवर पत्रं यायची माझ्या आवाजासाठी.

पण ऐकत होत्या. आज नीतिसूत्रे वाचली. त्यात एक ठिकाणी बाप मुलाला सांगतो की माझं सांगणं विसरू नकोस, त्याने तुला भरपूर दिवस, आयुष्याची वर्षं आणि शांती मिळेल. तिथे त्यांनी हात वर केला.

"परत वाच."

परत वाचलं.

"दोन्ही एकत्र लिहिलंय बघ. आयुष्य आणि शांती. देवबाप दोन्ही देतो म्हणून लिहिलंय. मला एकच दिलं."

मी म्हटलं, "अहो, इथे किती शांत आहे. सिस्टर जीव लावतात, वेळेवर जेवण, आणखी काय हवं?"

"ही शांती नव्हं लेकरा. शांती म्हणजे मागे वळून बघावं तर कुणी उभं नसावं."

असलं काहीतरी बोलतात. निघताना पुन्हा नमस्कार केला. पुन्हा पाय पोटाशी. आता मीही हट्टाला पेटलेय. या बाईच्या तोंडून आशीर्वाद काढीन तरच नावाची कमलिनी. शंभरीला आलेल्या माणसाचा आशीर्वाद काय रस्त्यावर पडलाय? ह्यांचं ब्लडप्रेशर, मुलाचं, विक्रांतचं, रात्रंदिवस ते लॅपटॉप, आमची नात अनुषा तर अजून इवलीशी. सगळ्यांसाठी हवाय मला.

३ जुलै, गुरुवार

आज सगळं नीट लिहून काढते म्हणजे डोक्यातून जाईल.

त्यांनी हिज्कीया राजाची गोष्ट वाचायला सांगितली. राजा मरणाला टेकतो. संदेष्टा येऊन सांगतो, घराची निरवानिरव कर, तू वाचणार नाहीस. राजा भिंतीकडे तोंड फिरवून रडरड रडतो. देवाला दया येते. तो म्हणतो, तुझी आसवं पाहिली, तुला आणखी पंधरा वर्षं दिली. मी म्हटलं, छान आहे की गोष्ट.

"आता पुढचा अध्याय वाच."

पुढच्या अध्यायात संदेष्टा परत येतो. सांगतो, एक दिवस तुझं सगळं लुटून नेतील आणि तुझ्या पोटच्या पोरांनाही नेतील. आणि राजा काय म्हणतो? म्हणतो, ठीक आहे, निदान माझ्या दिवसांत तरी शांती राहील! मी वाचता वाचता थांबले. असा कसा हा बाप?

मग जयवंतीबाई भिंतीशी बोलावं तसं बोलत राहिल्या. मुलगी सुगंधा पाळण्यात असताना त्यांना ताप आला होता. डॉक्टरांनी आशा सोडली. नवरा, प्रभुदास नाव त्यांचं, उशाशी बसून हीच गोष्ट वाचायचे आणि म्हणायचे, देवा, हिला पण दे. "आणि मी भिंतीकडे तोंड करून रडले गं. मला जगायचंच होतं. मागितलं मी." ताप उतरला. त्याच वर्षी मोठा मुलगा, शमुवेल, होस्टेलच्या पोरांबरोबर कृष्णराजनगरला सहलीला गेला आणि कावेरीत बुडाला.

मग बऱ्याच वर्षांनी त्या जिन्यावरून पडल्या. वाचतील असं वाटलं नव्हतं. वाचल्या. प्रभुदास गेले. मग न्यूमोनिया झाला, सगळ्या चर्चने प्रार्थना केली, त्या उठून बसल्या. आणि मुलगी गेली. सुगंधा.

"प्रभुदासांनी तेवढाच अध्याय वाचला गं. पुढचा वाचलाच नाही. मी दर वेळी माघारी येते आणि कुणीतरी माझ्या जागेवर जातं. मी कुणाला औक्षवंत हो म्हणायचं? कुणाच्या वाटचं द्यायचं?"

मी चांगली दटावली त्यांना. म्हटलं, "काहीतरीच काय! माणूस इतकी वर्षं जगलं तर त्याच्या डोळ्यांदेखत माणसं जाणारच. योगायोग आहे हा. उगाच मनाला लावून घेऊ नका." त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. डोळे नाहीत पण बघतात असं वाटतं.

"तू शहाणी आहेस," म्हणाल्या. हे त्यांनी चांगल्या अर्थाने म्हटलं नाही.

११ जुलै

वेदवती येऊन गेली. आमच्या समोरच राहते. त्यांच्या मराठी घराण्याला म्हैसूरात किती पिढ्या झाल्या तिलाच ठाऊक नाही. दारातूनच ओरडली, "अय्यो कमलिनी, किती सण्ण झालीस ग! बारीक! काय डाएट करतीस काय?" मी म्हटलं, संध्याकाळचा भात सोडलाय. खरं तर सोडलेला नाही, भूकच लागत नाही. पण लग्नाच्या वेळच्या ब्लाउजात शिरले की आज! कधी नव्हे ते देव प्रसन्न झालाय तर कारणं कशाला विचारा?

म्हणाली, "आणि त्या अज्जीकडे सुम्ने, उगाच कशाला जातीस? तिथं गेलं की मला तर मरणच आठवतं." मी म्हटलं, मला वाचायला मिळतं.

२४ जुलै, गुरुवार

संताप झालाय. पाणी प्यायले, देवाजवळ बसले, तरी जात नाही.

मी वाचतेय आपली छान, स्तोत्र होतं, देव आपल्या माणसाला दीर्घायुष्य देऊन तृप्त करतो असं काहीसं. आणि बाई मध्येच म्हणतात, "तुझ्या बांगड्या काढून ठेव."

मला वाटलं आवाजाचा त्रास होतोय. हात मांडीवर घट्ट धरून वाचायला लागले. पान उलटलं, वाजल्या. "काढ म्हटलं ना! ऐकवत नाही मला तो आवाज."

सवाष्ण बाईला बांगड्या काढ म्हणायचं? हे घरी बसलेत बिचारे, चहाची वाट बघत! मी पुस्तक मिटलं, उशाशी ठेवलं आणि नमस्कार न करता निघाले. कानाला खडा. पुन्हा त्या दाराशी जाणार नाही.

यांना सांगितलं तर हसले. "त्यांना थोडंच माहीत असेल तुझं हळदीकुंकवाचं शास्त्र?" नगरच्या बाईला माहीत नाही? तिकडच्या त्यांच्या बायकाही घालतात बांगड्या. मुलगी घालायची असं त्यांनीच सांगितलं होतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

गेले शेवटी. मी तशी राग धरून ठेवणारी नाही, आणि सिस्टरचा फोन आला होता की अज्जी रोज विचारतात.

विचारतात काय कप्पाळ! मी बसतेय तोच, "तू का आलीस? मी विचारत होते तू येत तर नाहीस ना म्हणून."

सिस्टरही ओशाळल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, अज्जी म्हणतात दुसरं कोणी बघा, कोणी म्हातारा माणूस बघा, हिला पाठवू नका. आता माझ्यापेक्षा चांगलं वाचणारा म्हातारा म्हैसूरात कुठून पैदा करणार? बन्नीच्या झाडाला टांगलाय? मला रडू येत होतं. का कोण जाणे, त्या बाईवर माझा जीव जडलाय. आई गेली तेव्हा मी इथे होते. शेवटचं वाचून दाखवायचं राहूनच गेलं, ते इथे फेडतेय की काय देव जाणे.

परत येताना जिन्यात दोनदा बसले. हल्ली थकवा फार. वय झालं, दुसरं काय. ओव्याचं पाणी घेतलं.

८ सप्टेंबर, सोमवार

आज त्यांचा वाढदिवस. सिस्टरकडून काढून घेतलं होतं. ठरवलं, वाढदिवशी कोण घालवून देतं बघू. औक्षणाचं ताट घेऊन गेले. कुंकू नेलं नाही, तेवढं कळतं मला. निरांजन, अक्षता, सुपारी, आणि अंगठी माझ्याच बोटातली. ही अंगठी साबण लावल्याशिवाय निघायची नाही कधी. आज ताटावर हात धरला तर आपोआप निसटून सुपारीशेजारी पडली. बरं झालं म्हटलं, ओढाओढी वाचली.

त्यांना काही बोलले नाही. सिस्टरनी काडी लावून दिली. मी अंगठी सुपारी हातात घेऊन त्यांच्या तोंडाभोवती ओवाळायला लागले. तुपाचा वास आला असेल त्यांना, आणि बांगड्या वाजल्या.

"कोण ओवाळतंय मला?"

"मी. कमलिनी. शंभर वर्षं पुरी करा."

किंचाळल्या हो! त्या मूठभर देहातून तो आवाज कुठून आला कळेना. हात फिरवला तसं ताट माझ्या हातून उडालं, निरांजन कलंडलं, सिस्टरनी पायाने वात विझवली. आणि त्यांनी चाचपडत माझं मनगट धरलं. धरलं ते सोडेनात. दुसऱ्या हाताच्या एका बोटाने माझ्या बांगड्या वर ढकलल्या. सगळ्या सरसर कोपरापर्यंत गेल्या.

"पहिल्या दिवशी आलीस तेव्हा ह्या मनगटावर वाजायच्या," म्हणाल्या. "मग पान उलटलंस की जरा खाली जायच्या. मग आणखी खाली. माझ्या सुगंधाच्या अशाच गेल्या. ती पण म्हणायची, आई, बारीक झाले, छान दिसते. मी पण म्हटलं छान. गाठ होती पोटात. तू डॉक्टरकडे जा. आजच्या आज जा आणि परत इथे येऊ नकोस. माझ्याजवळ बसू नकोस गं माय. मी किती जणांना खाऊ?"

मी हात सोडवून घेतला.

म्हणजे ते बांगड्या काढ म्हणणं, ते हाकलणं! आणि मी दीड महिना फुगून बसलेली.

पण हे सगळं म्हातारीचं खूळ आहे. मला काही झालेलं नाही. उगाच "हात दाखवून अवलक्षण" कशाला?

२३ सप्टेंबर

दसऱ्याची गडबड सुरू झाली. गावभर लाइटिंग. आज यांना सांगितलं. सांगणार नव्हते, पण सकाळी पातेलं उचलताना चक्कर आली आणि हे धावत आले. मग भडभडून सगळंच बोलून गेले: भूक नाही, जिन्यात बसावं लागतं, बांगड्या. एरवी हे शेरा मारल्याशिवाय राहायचे नाहीत. आज उठून शर्ट चढवला आणि रिक्षा आणायला गेले.

तपासणीत अंगात रक्त फार कमी निघालं. आणखी तपासण्या सांगितल्यात.

२ ऑक्टोबर, विजयादशमी

रिपोर्ट काल आला. मोठ्या आतड्यात गाठ आहे. चांगली नाही. दसऱ्यानंतर ऑपरेशन.

विक्रांत आणि सून मृण्मयी अनुषाला घेऊन बंगळूरहून आलेत. दुपारी सगळे टीव्हीसमोर बसून जंबूसवारी, ती हत्तींची मिरवणूक, बघत होते. अनुषाला हत्ती आवडतात. मी माझ्या खोलीत. आता बन्नीमंटपाच्या मैदानावरून मशालींच्या कवायतीचा गलका ऐकू येतोय, बँड, टाळ्या. दर वर्षी आम्ही गच्चीत उभं राहून बघतो. यंदा कोणी गच्चीत गेलं नाही.

मला मरायचं नाही. हे लिहायला लाज वाटायचं काय कारण? मला मरायचं नाही, मला अनुषाला शाळेच्या गॅदरिंगमध्ये बघायचंय, मला ह्यांच्या चहात साखर कमी घालायचीय, मला अजून खूप भांडायचंय. मघाशी उशीवर डोकं टेकून मी भिंतीकडे तोंड करून रडत होते. रडता रडता ध्यानात आलं, आणि झटकन कूस बदलली. मग परत वळले. मागायचंच आहे तर नीट मागावं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

गेले. ये म्हणाल्या नव्हत्या तरी गेले. हे बाहेर रिक्षात बसून राहिले.

मी सांगितलं, गाठ आहे, मंगळवारी ऑपरेशन. त्यांनी नुसती मान हलवली. मी खाली बसून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी आखडून घेण्याआधी धरूनच ठेवले पाय. म्हटलं, "आता तरी म्हणा. तुमचं काय जातंय? औक्षवंत हो म्हणा. मला भीती वाटते हो जयवंतीबाई."

पाय गार होते. म्हणाल्या, "हिज्कीया वाच."

"पुढचा अध्याय नाही वाचणार मी."

"नको वाचू. पहिलाच वाच."

वाचला. आवाज फुटत होता, निवेदिका कसली आणि काय. राजा भिंतीकडे वळतो तिथे आले तेव्हा पाहिलं, त्याही कूस बदलून भिंतीकडे वळल्या होत्या. ओठ हलत होते. भिंतीला नाक टेकवून काहीतरी बोलत होत्या, घाईघाईने, कोणाशी तरी घासाघीस करावी तसं.

"काय म्हणालात?"

"काही नाही. ऊठ, उशीर होईल तुला."

मी उठले. दाराशी पोचले तेव्हा मागून म्हणाल्या, "शांतीने जा, लेकरा."

शांतीने जा! मी मागितलं काय आणि हिने दिलं काय! रिक्षात बसून मी यांच्या खांद्यावर डोकं आपटून रडले. म्हटलं, मी जाणार, तिने सांगितलं, शांतीने जा म्हणाली, औक्षवंत हो म्हणाली नाही. हे रिक्षावाल्याला म्हणाले "निधान", आणि माझा हात धरून बसले. हळू चालव म्हणत होते.

१० ऑक्टोबर

सिस्टरचा फोन. काल मी रडत गेलेलं त्यांनी पाहिलं होतं. त्यांना सांगितलं अज्जी काय म्हणाल्या ते. त्या म्हणाल्या, नाही नाही, तुम्ही चुकीचं घेतलंत. एक बाई होती, वर्षानुवर्षं आजारी, तिने गर्दीत येशूच्या कपड्याला हात लावला आणि बरी झाली. तिला तो म्हणाला, शांतीने जा. बऱ्या झालेल्या माणसाला म्हणतात ते.

असेल. मला पटवून घ्यायचंय.

१३ ऑक्टोबर

उद्या. हॉस्पिटलात लिहितेय. नर्स म्हणाली बांगड्या काढाव्या लागतील, फोडायला कटर आणते. मी हात खाली सोडला, सगळ्या आपोआप उतरल्या. यांनी खिशात ठेवल्या. आता हे कॉरिडॉरमध्ये चालताना खिसा वाजतोय.

२९ ऑक्टोबर

घरी येऊन आठवडा झाला. दिवाळी कशी गेली कळलं नाही, वेदवतीने फराळाचा डबा पाठवला होता, मला फक्त चिवड्यातली एक डाळ चाखायला मिळाली. ऑपरेशन चांगलं झालं. गाठ पूर्ण निघाली, कुठे पसरलेली नाही, पुढे औषधंही नकोत म्हणाले, फक्त तपासणीला यायचं. वेळेवर आलात, म्हणाले डॉक्टर. आणखी दोन-तीन महिने गेले असते तर अवघड होतं.

मी यांना म्हटलं, मला जरा बरं वाटलं की आधी जयवंतीबाईंकडे जाऊ. त्यांच्यामुळे वेळेवर गेले.

हे खिडकीकडे बघायला लागले.

किती वेळ लपवणार? जयवंतीबाई गेल्या. मंगळवारी सकाळी. मला आत नेलं त्याच सुमारास. यांना तिथेच सिस्टरचा फोन आला होता, आणि हा माणूस इतके दिवस माझ्याशी हसून बोलत होता.

सिस्टर संध्याकाळी येऊन गेल्या. जयवंतीबाई आजारी वगैरे काही नव्हत्या म्हणे. सकाळी पेज प्यायल्या. मग सांगितलं, माझी खाट भिंतीपासून ओढा, मला दाराकडे तोंड करून निजवा. इतकी वर्षं कधी ओढू दिली नव्हती खाट. मग म्हणाल्या, आता मागे कुणी नाही. आणि गेल्या. सिस्टर म्हणाल्या, एवढं शांत मरण मी पाहिलं नाही.

म्हणजे त्यांना मिळाली शांती.

आणि मला काय मिळालं ते मला माहीत आहे. मी मागितलं होतं. पाय धरून मागितलं होतं.

१६ नोव्हेंबर

घरात बांगड्या वाजतात. माझ्या हातात अजून एकही नाही, मनगटं भरली की नव्या घालू म्हणून थांबलेय. तरी वाजतात. स्वयंपाकघरात असले की माजघरात, माजघरात आले की मागच्या खोलीत. यांना विचारलं, ऐकू येतंय का? हे म्हणाले, समोर वेदवतीकडे कामवाली भांडी घासतेय. असेल.

आज स्मशानभूमीत जाऊन आले. साधा क्रॉस, अजून नाव घातलेलं नाही. शेजारी प्रभुदास आणि सुगंधा. शमुवेल नाही, तो सापडलाच नव्हता. मी शेवंती ठेवली. नमस्काराला वाकले आणि वाटलं, आता तरी पाय आखडायचे नाहीत.

वेदवती बरोबर होती. तिला सगळं बोलले. ती म्हणाली, "अय्यो, एवढं वय झालेलं माणूस कधीतरी जाणारच की ग! सुम्ने मनाला लावून घेऊ नको. योगायोग आहे तो."

शब्दन् शब्द मीच म्हटला होता हा, जुलैत, त्यांना दटावून. मी वेदवतीला म्हटलं, "तू शहाणी आहेस."

२५ डिसेंबर, गुरुवार

वृद्धाश्रमात आज नाताळ. सिस्टरनी बोलावलं वाचायला. म्हटलं, मराठी कोणाला कळणार? म्हणाल्या, अज्जीचं पुस्तक आहे, अज्जीसाठी वाचा. शिमोन म्हाताऱ्याची गोष्ट वाचली. आयुष्यभर देवळात वाट बघत थांबलेला. शेवटी त्याच्या हातात ते बाळ देतात आणि तो म्हणतो, आता मला शांतीने जाऊ दे, पाहायचं ते पाहिलं. सगळ्या म्हाताऱ्या कन्नड, मल्याळी, एक कोकणी. काही न कळता ऐकत होत्या. त्यांतली एक रडली.

जयवंतीबाईंची खाट आता दुसऱ्या कोणाची आहे. परत भिंतीला लावलीय.

१४ जानेवारी, संक्रांत

सगळे आलेत. वेदवतीकडून त्यांच्या तिळगुळाची, एळ्ळू-बेल्लाची पाकिटं आली, आमच्याकडून तिच्याकडे तिळाच्या वड्या. मृण्मयीने मला नव्या बांगड्या भरल्या, माझ्या जुन्या मापाच्या. मनगटावर बसल्या नीट. विक्रांत म्हणाला, आई आता पहिल्यासारखी दिसते. हे म्हणाले, "आवाजही पहिल्यासारखा आलाय, देवा वाचव." इतक्या दिवसांनी शेरा मारला. मला बरं वाटलं.

मग अनुषाला परकर-पोलक्यात नटवून आणलं. मृण्मयी म्हणाली, आजीला नमस्कार कर. पोर वाकली, दोन्ही हात माझ्या पावलांवर.

आणि मी पाय आखडून घेतले.

घेतले म्हणजे घेतले गेले, मी काही ठरवून नाही. सगळे बघायला लागले. अनुषाला वाटलं गुदगुल्या झाल्या. ती हसून परत पाय शोधायला लागली. "आजी, म्हण ना! बाबा म्हणाला तू म्हणतेस काहीतरी."

काय म्हणू? कुणाच्या वाटचं देऊ? मागच्या खोलीत बांगड्या वाजल्या, मी हात जरासुद्धा हलवलेला नव्हता. यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी पाय पुढे केले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "दोन्ही मिळू दे बाळा. आयुष्य पण आणि शांती पण. दोन्ही."

तेवढ्याने जीव भरेना. हात तिच्या डोक्यावरच होता. क्षणभर तोंड भिंतीकडे वळवलं, आणि जे म्हणायचं ते घाईघाईने म्हणून टाकलं. ओठ हलले असावेत, कारण अनुषाने वर बघून विचारलं, "आजी, हळूच काय म्हणालीस?"

"काही नाही. ऊठ, तिळगूळ घे."